लिफ्टमध्ये अडकलेल्यांनी आधी भावना सांगावी

शहरातल्या निम्म्याअधिक इमारतींमधल्या लिफ्टची देखभाल एकाच कंपनीकडे होती, आणि त्या कंपनीच्या तक्रार कक्षात एक बाई बसायच्या. कुणी लिफ्टमध्ये अडकलं आणि आतलं लाल बटण दाबलं, की घंटा थेट त्यांच्या कानाशी वाजायची. त्यांना सगळे भोंगामावशी म्हणत. तोंडावरसुद्धा. मावशींना त्यात काही वावगं वाटत नसे, कारण त्या एकदा बोलायला लागल्या की खालच्या मजल्यावरच्या हिशेबनिसाची बेरीज चुकायची, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक होतं.

मावशींची कामाची पद्धत साधी होती. फोन उचलायचा आणि झापायचं.

"काय रे, रडतोस कशाला? लिफ्ट आहे ती, विहीर नाही! बस खाली. बसलास? आता दारावर लाथा मारू नकोस. लाथेनं उघडत असतं तर आमच्या मेकॅनिकला कशाला पोसला असता?"

पलीकडचा माणूस नाक ओढत हसायचा. मेकॅनिक वाटेत असायचा तेवढ्या वेळात मावशी त्याची सगळी चौकशी करायच्या. घरी कोण असतं, सकाळी काय खाल्लंस, बायको का रुसलीय, आणि यात चूक तुझीच कशी आहे. कधी कधी दार उघडायचं आणि आतला माणूस मेकॅनिकला म्हणायचा, "जरा थांबा हो, आमचं बोलणं चाललंय."

थोडक्यात, सगळं सुरळीत चाललं होतं. आणि सुरळीत चाललेली गोष्ट वरिष्ठांच्या नजरेतून फार काळ सुटत नाही.

झालं असं, की कंपनीचे मोठे साहेब कुठल्याशा परिषदेला जाऊन आले. तिथे त्यांना कळलं, की ग्राहकाला सेवा नको असते, ग्राहकाला कुणीतरी समजून घ्यायला हवं असतं; आणि समजून घेणं फक्त इंग्रजीत जमतं. परतल्या परतल्या परिपत्रक निघालं. 'यापुढे कार्यालयीन वेळेत सर्व भावना इंग्रजीतूनच व्यक्त करण्यात याव्यात. अन्य भाषेत उद्भवलेल्या भावना संबंधित कर्मचाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर दाबून ठेवाव्यात.'

शिकवायला एक ट्रेनर मॅडम आल्या. मॅडम इतक्या गोड, की त्या खोलीत असताना चहात साखर घालायची गरज पडत नसे.

"समजा कुणी सांगितलं, मला नोकरी लागली. आपण काय म्हणायचं?"

"मेल्या, आणि हे आत्ता सांगतोयस?" मावशींनी झटक्यात उत्तर दिलं.

"नो, नो, मावशी. 'वाव! आय एम सो हॅपी फॉर यू!' बरं, आणि कुणी सांगितलं, माझा पाय मोडला?"

"कुठे तडफडायला गेला होतास?"

मॅडमनी कानांवर हात ठेवले. "अहो, तो आधीच दुःखात आहे!"

"म्हणून तर! परक्या माणसावर कुणी एवढा घसा खर्च करतं का?"

"'आय एम सो सॉरी टु हिअर दॅट.' एवढंच म्हणायचं. मान थोडी डावीकडे आणि आवाज खाली."

"मग पाय बरा होतो?"

"पायाचा इथे संबंध नाही, मावशी," मॅडम प्रेमाने म्हणाल्या.

शेवटी परीक्षा होणार होती. खरा फोन येणार, साहेब आणि मॅडम शेजारी बसून ऐकणार. पास झाला त्याची खुर्ची पक्की. नापास झाला त्याची बदली तळघरातल्या सुट्या भागांच्या गोदामात. आता गोदाम काही वाईट नव्हतं. हवा खेळती होती, काम हलकं होतं. पण तिथे फोन नव्हता आणि माणूसही नव्हता. दिवसभर समोर कप्प्या आणि तारांची वेटोळी. मावशींना वाघाच्या पिंजऱ्यात बसवलं असतं तर त्यांनी वाघालाही नीट वळण लावलं असतं, पण कप्पीला ओरडून काय उपयोग?

म्हणून त्या जीव तोडून शिकल्या. घरी न्हाणीघरात नळ सोडून आरशासमोर मान डावीकडे करायच्या. त्यांच्या अहोंना यातलं काही कळू दिलं नव्हतं, कारण कळलं असतं तर त्यांनी ती गोष्ट जन्मभर पुरवून पुरवून सांगितली असती.

"आत कुणाशी बोलतेस गं?" अहो बाहेरून विचारायचे.

"नळाशी! तुमच्यापेक्षा बरं ऐकतो!"

इकडे ऑफिसात पद्धत लागू झाली. पहिल्या टप्प्यात नुसतीच सहानुभूती होती. "आय अंडरस्टँड हाऊ यू फील," मावशी म्हणायच्या, आणि आतला माणूस ओरडायचा, "काय अंडरस्टँड! तुम्ही बाहेर, मी आत!" यावरून वरच्यांच्या लक्षात आलं, की ग्राहकांनाही भावना नीट मांडता येत नाहीत. मग दुसरा टप्पा आला. अडकलेल्या माणसाने आधी आपली भावना इंग्रजीत सांगायची, ती संगणकात नोंदवायची, मग संगणक ठरवणार काय पाठवायचं.

"मला बाहेर काढा हो!" एक गृहस्थ म्हणाले.

"ही भावना नाही, ही मागणी आहे," मावशींना सांगावं लागलं. "भावना सांगा."

"अहो, भीती वाटतेय!"

"स्केअर्ड की अँक्शस?"

"फरक काय?"

"स्केअर्ड असाल तर मेकॅनिक येतो. अँक्शस असाल तर नुसता धीर मिळतो."

गृहस्थ शहाणे होते, लगेच स्केअर्ड झाले. पण सगळेच कुठे एवढे शिकलेले? एक शिंपी चांगले तासभर ग्रेटफुल होऊन बसले होते.

हळूहळू फोन कमी झाले. साहेबांनी भिंतीवर आलेख लावला. तक्रारी घसरगुंडीसारख्या खाली आल्या होत्या, कारण लोकांनी लिफ्ट सोडून जिना धरला होता. त्यामुळे पुष्कळांची पोटंही उतरली, आणि कंपनीने तेही श्रेय नम्रपणे स्वीकारलं.

मग परीक्षेचा दिवस उजाडला. साहेब एका बाजूला, मॅडम दुसऱ्या बाजूला, मध्ये मावशी, केस चापूनचोपून बसवलेले. फोनचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केलेला. घंटा वाजली.

"हॅलो! अगं, मी बोलतोय. चष्मा आणायला आलो होतो, वरून खाली येताना अडकलो."

अहो! मावशींच्या ओठांवर अख्खं वाक्य तयार होतं. 'शंभरदा सांगितलं ना त्या डबड्यात बसू नका, जिना काय खायला उठतो का तुम्हाला?' पण साहेब बघत होते. त्यांनी ते वाक्य पाण्याशिवाय गोळी गिळावी तसं गिळलं, मान डावीकडे केली आणि मधाळ आवाजात म्हणाल्या,

"आय एम सो सॉरी टु हिअर दॅट."

पलीकडे लाल बटण पुन्हा एकदा दाबलं गेलं.

"हॅलो?" अहोंचा आवाज बारीक झाला होता. "कोण बोलतंय?"

"थँक यू फॉर शेअरिंग. हाऊ आर यू फीलिंग?"

"अगं, तूच ना? अशी का बोलतेयस? काय झालंय? दोर तुटतोय का?"

"आय कम्प्लीटली अंडरस्टँड युवर कन्सर्न."

"म्हणजे तुटतोय!"

त्यांचंही काही चुकत नव्हतं. एवढ्या वर्षांच्या संसारात ही बाई त्यांच्याशी गोड आवाजात दोनदाच बोलली होती. एकदा त्यांचे वडील गेले तेव्हा. आणि एकदा त्यांच्या छातीच्या ऑपरेशनच्या आधी, डॉक्टरांनी 'त्यांना काही सांगू नका' म्हटलं होतं तेव्हा.

"हे बघ, घाबरू नकोस," अहो म्हणाले, आणि स्वतः धापा टाकायला लागले. "माझा तो करडा स्वेटर तुझ्या भावाला दे. नाही, नको, तो बाह्या ओढून ओढून वाट लावेल. बरं, आणि एक सांगायचं राहिलंय. तुझा चहा मला कधीच आवडला नाही गं. पण तू ओरडत ओरडत आणून द्यायचीस ना, म्हणून पीत होतो."

मॅडमनी भरल्या डोळ्यांनी खूण केली, आता पुढचं वाक्य.

"दॅट... मीन्स अ लॉट टु मी," मावशी म्हणाल्या.

"चालतंय चालतंय," साहेब कुजबुजले, "पण भावना नोंदवून घ्या. त्याशिवाय मेकॅनिक निघत नाही."

"व्हॉट इज युवर... अहो, तुम्हाला काय होतंय?"

"मला... मला कसंतरी होतंय."

मावशींची बोटं संगणकावर धावली. कसंतरी तिथे नव्हतं. सॅड होतं, अपसेट होतं, मिक्स्ड फीलिंग्ज होतं, पण कसंतरी कुठेच नव्हतं. पलीकडून नुसती धाप ऐकू येत होती. त्या छातीत टाके होते, आणि ते किती हे साहेबांना नव्हे, मावशींना ठाऊक होतं.

मावशींनी गोदामाकडे एकदा मनातल्या मनात पाहून घेतलं, आणि भोंगा सोडला.

"अहो! आधी खाली टेका! कॉलरचं बटण काढा! कसंतरी होतंय म्हणे! दोर तुटायला ती काय तुमच्या पायजम्याची नाडी आहे? आणि काय हो, चहा आवडत नाही? इतकी वर्षं कप कप ढोसलात तेव्हा जीभ काय भाड्याने दिली होती? मरायच्या गोष्टी करताय! आधी घरी या, मग बघते मी तुमच्याकडे! बसलात की नाही अजून?"

खालच्या मजल्यावर हिशेबनिसाने पेन खाली ठेवलं.

पलीकडून एक लांब श्वास आला. मग आणखी एक, जरा संथ.

"हां," अहो म्हणाले. "म्हणजे ठीक आहे सगळं. बसलोय, बसलोय. मग असं आधीच बोलायचं ना! उगाच मेलो असतो."

मावशींनी संगणकाला न विचारता मेकॅनिकला पिटाळलं. मग आपला कप घेतला, खुर्चीवरची उशी काखोटीला मारली आणि तळघराच्या जिन्याकडे निघाल्या.

"थांबा!" साहेब उभे राहिले होते. त्यांचे डोळे पाणावले होते. "मावशी, हे काय होतं?"

"ओरडणं. घरी ओरडत नाही का तुम्हाला कुणी?"

"नाही," साहेब म्हणाले. "घरी सगळे 'ओके डिअर' म्हणतात."

मॅडमनी डोळे पुसून सांगितलं, की प्रगत जगात याला टफ लव्ह म्हणतात आणि त्याला फार मागणी आहे. आता ही गोष्ट मावशी आजवर फुकट करत होत्या, म्हणून ती वेडगळ होती. तिला इंग्रजी नाव मिळालं, तशी ती सेवा झाली. नवं परिपत्रक निघालं. फोन लावला की ध्वनिमुद्रित आवाज सांगू लागला, "सहानुभूतीसाठी एक दाबा. मेकॅनिकसाठी दोन दाबा आणि आपली भावना तयार ठेवा. घरच्यासारखं ओरडून घेण्यासाठी तीन दाबा."

तीनवर झुंबड उडाली. अडकलेले राहिले बाजूलाच, धडधाकट माणसं मुद्दाम दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबवून तीन दाबू लागली. "मावशी, जेवलो नाही," "मावशी, तीन दिवस झोपलो नाही," "मावशी, आईला फोन केला नाही." साहेब शेजारच्या खोलीतून सकाळ-संध्याकाळ फोन करून आपण औषध घेतलं नसल्याचं कळवायचे आणि ताजेतवाने होऊन मीटिंगला जायचे. मॅडमनी तर जागतिक दर्जासाठी काही वाक्यं इंग्रजीतही करून घेतली. 'ओह यू डेड वन, व्हेअर हॅड यू गॉन टु डाय?' हे बाहेरच्या ग्राहकांना फार भावलं म्हणतात.

मावशींची खुर्ची पक्की झाली. वर गादी आली, स्वतंत्र खोली आली. संध्याकाळी घरी जायच्या तेव्हा मात्र घशात आवाज शिल्लक नसायचा.

अहोंनी ओला टॉवेल पलंगावर टाकून बघितला. मावशींनी तो उचलला. अहोंनी दूध उतू जाऊ दिलं. "इट्स ओके," मावशी पुटपुटल्या आणि ओटा पुसला. एकदा धीर करून त्यांनी सांगितलं, "आज गोळी घ्यायला विसरलो."

"थँक यू फॉर शेअरिंग," मावशी म्हणाल्या, आणि मान डावीकडे करून झोपी गेल्या.

दुसऱ्या दिवशी अहो घराबाहेर पडले. मिळेल त्या इमारतीत शिरले, लिफ्टमध्ये चढले, दोन मजल्यांच्या मध्ये लाल बटण दाबलं आणि मग तीन.

"आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," आवाज म्हणाला. "आपल्याआधी पुष्कळ लोक ओरडून घेण्यासाठी थांबले आहेत. कृपया रांगेत राहा."

अहो खाली बसले. राहिले रांगेत.

हसताय ना? हसा. पण त्या रांगेत तुमच्याही घरचं एक माणूस आहे. सकाळी ते तुम्हाला काहीतरी सांगत होतं, आणि तुम्ही मोबाइलमधून मान वर न काढता 'ओह, सो सॅड' म्हणालात, तेच ते. जरा पाय मोकळे करून येतो म्हणून गेलंय.