उशिराचे कारण: पोहणे

आमच्या पाणीपुरवठा कार्यालयातील वरिष्ठ लिपिक एका सोमवारी अकरा मिनिटे उशिरा आले. उशीर ही गोष्ट आमच्याकडे गंभीर मानली जात नाही. त्याची नोंद मात्र गंभीरपणे होते. नोंदवहीत कारणाचा रकाना आहे. त्यात बाकीचे सगळे 'घरगुती अडचण' लिहितात आणि कामाला लागतात, किंवा लागत नाहीत. लिपिकांनी लिहिलं, 'पोहणे'. इथेच ते फसले.

साहेबांनी त्यांना बोलावलं. मी आस्थापना शाखेचा, त्यामुळे फाइल घेऊन हजर होतो.

"पोहणे म्हणजे?"

"साहेब, ट्रायथलॉनची तयारी करतोय. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. तरणतलाव सातला उघडतो, म्हणून उशीर झाला."

"या वयात हे खूळ कशाला?"

लिपिक म्हणाले, "मोठा भाऊ बावन्नाव्या वर्षी गेला, हृदयविकाराने. पुढच्या महिन्यात मला बावन्नावं लागतंय. भीती वाटते हो. एकदा हे पूर्ण केलं की वाटेल, आहोत आपण अजून."

साहेब विरघळले. आमचे साहेब मुळात दयाळू. त्यांच्या हातून आजवर ज्यांचं वाटोळं झालं, ते दयेपोटीच झालं. "मग एकटे कशाला करता? कार्यालय तुमच्या पाठीशी आहे," ते म्हणाले. त्याच दुपारी कर्मचारी आरोग्य उपक्रम समिती स्थापन झाली. सचिव मी.

बैठक कार्यालयीन वेळेत घेतली तर कामाचा खोळंबा होतो, म्हणून ती रोज सकाळी सातला ठरली. विषय एकच, लिपिकांचं पोहणं. ज्यांच्याविषयी बैठक तेच गैरहजर राहिले तर बरं दिसत नाही. पोहणं सुटलं.

सायकलवरून ते कार्यालयात येत. उपक्रमाचं साधन म्हणून आम्ही सायकलीवर क्रमांक रंगवला आणि तांत्रिक तपासणी होईपर्यंत ती भांडारात कुलूपबंद केली.

"अहो, माझी स्वतःची आहे ती," लिपिक म्हणाले.

"म्हणूनच जास्त काळजी घ्यायला हवी," भांडारपाल म्हणाले.

उरलं संध्याकाळचं धावणं. पण उपक्रम म्हटला की दैनिक प्रगती अहवाल आला, तीन प्रतींत. 'आज न धावण्याचे कारण' या प्रश्नापुढे लिपिक रोज लिहीत, 'अहवाल लिहीत होतो'. त्यांचा प्रामाणिकपणा शेवटपर्यंत ढळला नाही. वजन चार किलोंनी वाढलं, ते वेगळं.

एकदा त्यांच्या पत्नीचा फोन आला. "भाऊजी, हे पूर्वी घामाघूम होऊन यायचे, पण हसत यायचे. आता नुसते दमून येतात. दोन जिने चढले की कठड्याला धरून उभे राहतात. मला धास्ती वाटते. तुमची ती समिती बंद नाही का करता येणार?"

"वहिनी, बंद करायची तर आधी बैठक बोलवावी लागेल."

मला वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. दुसऱ्या दिवशी ते मी इतिवृत्तात घेतलं.

ट्रायथलॉनची शर्यत रविवारी होती. उपक्रम यशस्वी झाल्याबद्दल लिपिकांचा सत्कारही रविवारीच ठेवला होता, कारण इतर दिवशी कामाचा खोळंबा झाला असता.

"साहेब, आज जाऊ द्या मला," लिपिक म्हणाले. "सगळ्यांत शेवटी आलो तरी चालेल. मध्येच थांबवलं तरी चालेल. पण एकदा पाण्यात उतरू द्या."

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, शर्यतीला कोणीही जातं. सत्कार किती जणांचा होतो?"

 छायाचित्रकाराने सांगितल्याप्रमाणे लिपिकांनी शर्ट-पँटवरच पोहण्याची टोपी चढवली आणि शाल अंगावर घेतली. त्यांचे डोळे भरून आले. फोटो फार छान आला.

तो आम्ही फेसबुकवर टाकला. संध्याकाळपर्यंत खाली तीनशे बारा प्रतिक्रिया आल्या. पहिली माझीच आहे: 'प्रेरणादायी! उद्यापासून मीही.' बाकीच्या तीनशे अकरा याच मजकुराच्या आहेत. वाचकहो, त्यांतली आपली कोणती, हे समिती विचारणार नाही. तो 'उद्या' कोणत्या तारखेला उजाडला, तेवढं मात्र लेखी कळवावं.