घोरण्यावर खात्रीशीर दुरुस्ती

बॅगवाल्यांचं दुकान एकतीस वर्षं एकाच जागी उभं होतं आणि ही गोष्ट इंटरनेटला माहीत नव्हती.

दुकान म्हणजे दहा बाय चौदाची एक खोली. पुढे काउंटर, काउंटरवर चेनची रिळं, पडद्यामागे जाड सुईचं शिलाई मशीन आणि भिंतीवर अशा बॅगा, ज्या दुरुस्त होऊन वर्ष उलटलं तरी मालकांना त्यांची आठवण झाली नव्हती. तुटलेला पट्टा, अडकलेली चेन, निखळलेलं चाक, उसवलेलं अस्तर, बॅगेला जे जे होऊ शकतं ते सगळं इथे बरं होत असे. बॅगवाले स्वतः फारसं बोलत नसत. बोलण्याचं खातं बायकोकडे होतं आणि ते तिने कधी तुंबू दिलं नव्हतं.

गेल्या दोन वर्षांत गिऱ्हाईक आटलं. बॅगा तुटायच्या थांबल्या होत्या असं नाही. पूर्वी नवा माणूस रस्त्यात कोणालाही विचारून दुकानापर्यंत पोचत असे. आता रस्त्यात कोणी कोणाशी बोलत नसे. सगळे फोनला विचारत आणि फोन सांगत असे की बॅग दुरुस्तीचं सर्वांत जवळचं दुकान चारशे वीस किलोमीटरवर आहे. बॅगवाल्यांच्या समोरच्या फुटपाथवर उभं राहून विचारलं तरी तो हेच सांगे.

तेव्हा भाचीला बोलावण्यात आलं. वेबसाइट वर कशी आणावी याचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम तिने पूर्ण केला होता आणि त्याच्या प्रमाणपत्रावर दोन सह्या होत्या. तिने काउंटरवर लॅपटॉप उघडला, थोडा वेळ पाहिलं आणि डॉक्टर रिपोर्ट वाचून दाखवतात त्या आवाजात म्हणाली,

"मामा, तुम्ही अस्तित्वात नाही."

"मग हे बसलेत ते कोण?" मामीने विचारलं.

"ते ऑफलाइन."

भाचीने वेबसाइट करून दिली. त्यावर दुकानाचा फोटो, पत्ता आणि एक वाक्य होतं : 'आम्ही बॅगा दुरुस्त करतो.' महिनाभरात ती तेरा वेळा उघडली गेली. त्यातल्या नऊ वेळा खुद्द बॅगवालेच होते, ती अजून जागेवर आहे ना ते पाहायला.

"चूक वाक्यात आहे," भाची म्हणाली. तिने एक यादी काढली. या परिसरातली माणसं फोनवर काय काय शोधतात, त्याची ती अधिकृत उतरंड होती. पहिल्या क्रमांकावर लोकांनी शोधलेली स्वतःचीच नावं होती. त्यांचा व्यवसायाला उपयोग नाही, असा शेरा भाचीने मारला. दुसऱ्या क्रमांकावर होतं, 'घोरणं कसं थांबवावं'. बॅग दुरुस्ती बरीच खाली, 'झुरळं उडतात का' याच्याही खाली होती.

"लोक जे शोधतात ते आपण असायला हवं," भाचीने समजावलं. "आपण जे आहोत ते लोकांनी शोधावं, हा फार जुना विचार झाला, मामा."

"पण मला घोरण्यातलं काही कळत नाही."

"तुम्हाला कसं कळणार?" बायको म्हणाली. "मला कळतं. एकतीस वर्षं ऐकतेय."

भाचीने ताबडतोब नोंद केली. "याला प्रत्यक्ष अनुभव म्हणतात, मामी. सर्च इंजिनला तो फार आवडतो."

अशा रीतीने 'घोरणं आणि बॅग : एक दुर्लक्षित नातं' हा बावीसशे शब्दांचा लेख वेबसाइटवर आला. नियमाप्रमाणे मुख्य शब्द मथळ्यात, पहिल्या ओळीत, उपमथळ्यांत आणि फोटोच्या नावातही घातला होता. त्यामुळे उघड्या बॅगेच्या एका निरागस फोटोचं नाव 'घोरणं-एक' असं पडलं. बॅगवाल्यांनी लेख चष्मा पुसून वाचला. एक वाक्य त्यांनी तीनदा वाचलं : 'घोरणं ही घोरणाऱ्याला न कळणारी समस्या असल्यामुळे घोरणं थांबवू इच्छिणाऱ्यांनी घोरण्याविषयी माहिती घेणं घोरण्याच्या दृष्टीने महत्त्वाचं ठरतं.'

"यात काही सांगितलंच नाहीये," ते म्हणाले.

"पण किती वेळा सांगितलंय ते बघा ना."

पाच आठवड्यांत दुकान पहिल्या क्रमांकावर आलं. सोमवारी सकाळी एक जोडपं आत शिरलं. बाई पुढे होती आणि नवरा मागे, काउंटरवर ठेवायच्या वस्तूसारखा.

"काय बिघडलंय?" बॅगवाल्यांनी सवयीने विचारलं.

"घोरतात," बाई म्हणाली आणि नवऱ्याला पुढे केलं.

"ताई, आम्ही बॅगा दुरुस्त करतो."

बाईने फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. "मग हे कोणाचं दुकान आहे?"

दुकान त्यांचंच होतं. पत्ता बरोबर होता, फोटोत ते स्वतः उभे होते. जोडपं आल्या पावली परत गेलं आणि बॅगवाल्यांना, आयुष्यात पहिल्यांदा, आपण कोणाला तरी फसवलं असं वाटलं. त्यांनी भाचीला फोन लावला. तिलाही वाईट वाटलं, पण निराळ्या कारणाने.

"किती वेळ थांबले ते?"

"अर्धं मिनिटसुद्धा नाही."

"मामा, हे घातक आहे. फोन त्यांच्या खिशात असतो. आलेला माणूस लगेच गेला की तिकडे कळतं आणि क्रमांक घसरतो. कमीत कमी दहा मिनिटं तरी धरून ठेवा."

धरून ठेवण्यासाठी चार खुर्च्या आणि एक तीन पानी फॉर्म आणण्यात आला. फॉर्म बायकोने तयार केला. 'घोरण्याचा प्रकार : सलग / हप्त्याहप्त्याने. घोरणाऱ्याला हे मान्य आहे काय : होय / नाही / चर्चा सुरू आहे. तक्रारदाराचं घोरणाऱ्याशी नातं.' या शेवटच्या प्रश्नापाशी बहुतेक बायका पेन खाली ठेवत आणि बोलायला लागत. बायको ऐकून घेई, मधूनमधून पडद्याकडे मान करून "आमच्याकडेही तेच" असं म्हणे. माणसं पाऊण पाऊण तास बसू लागली. आकडे पाहून भाची भारावून म्हणाली, "मामी, इतका वेळ तर लोक दवाखान्यातसुद्धा थांबत नाहीत."

मात्र थांबलेल्या लोकांनी अभिप्राय लिहिले. 'फॉर्म भरला. घोरणं चालू आहे. एक तारा.' अशा आशयाचे सात अभिप्राय आठवड्यात जमा झाले.

बॅगवाल्यांच्या हे फार जिव्हारी लागलं. एकतीस वर्षांत त्यांच्या हातची एक शिवण उलटून आली नव्हती. ते दोन दिवस मशीनसमोर बसले आणि न्यायला न आलेल्या बॅगांपैकी एक उसवून त्यांनी एक वस्तू तयार केली. पाठीवर बांधायची चपटी बॅग, आत कडक फोम, छातीवर रुंद पट्टा. ती बांधून झोपलं की माणसाला उताणं होताच येत नसे, कुशीवरच राहावं लागे. फॉर्म भरून गेलेलं पहिलं जोडपं परत बोलावून त्यांनी ती नवऱ्याच्या पाठीवर चढवून दिली. चौथ्या दिवशी बाईने पाच तारे दिले. नवऱ्याने काही दिलं नाही, पण तोही जागा राहिला नव्हता, असं बाई म्हणाली.

बॅगा हातोहात जाऊ लागल्या. दुकानाबाहेर रांग लागली. बॅगवाल्यांना वाटलं, चला, फिरून का होईना, आपण आपल्या धंद्यावर आलो. त्यांनी तसं भाचीला बोलूनही दाखवलं. ती गंभीर झाली.

"अडचण तीच आहे, मामा. 'बॅग' हा शब्द. तुम्ही घोरण्याचे का बॅगेचे, हे इंजिनला कळेनासं झालंय. शब्द काढावा लागेल."

शब्द काढण्यात आला. आधी वेबसाइटवरून, मग दारावरच्या पाटीवरून. पाठीवरच्या बॅगेला 'पृष्ठाधार उपकरण' असं नाव देण्यात आलं. एका समाधानी गिऱ्हाइकाने 'बॅग मस्त आहे' असं लिहिलं, तेव्हा बायकोने त्याला दोनदा फोन करून मजकूर दुरुस्त करून घेतला. राहता राहिल्या खऱ्या बॅगा. त्या घेऊच नका, असं भाचीने बजावलं. बॅगेबद्दल दोन बरे अभिप्राय आले, की सहा महिन्यांच्या मेहनतीवर पाणी.

त्याच आठवड्यात सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई आल्या. त्यांना दुकान पायांनी माहीत होतं. पाटी न वाचताच त्या आत आल्या आणि त्यांनी आपली जुनी कातडी बॅग काउंटरवर ठेवली. हँडलची एक बाजू सुटली होती.

बॅगवाल्यांनी खुर्च्यांवरच्या मंडळींकडे पाहिलं, बॅग झटकन काउंटरखाली घेतली आणि पुटपुटले, "उद्या दुपारी. अडीचनंतर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हँडल वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं, म्हणजे हँडलसकट बॅग. "बाई, एक विनंती आहे. कुठे लिहू नका."

"काय लिहू नको?"

"मी बॅग दुरुस्त केली म्हणून."

बाईंनी मान डोलावली. माणसावर काहीतरी संकट आलं असावं आणि ते विचारू नये, इतपत त्यांना समजलं. पुढे अशी जुनी माणसं अधूनमधून येत राहिली. दुपारी बायको पुढे फॉर्म भरून घ्यायची आणि पडद्यामागे बॅगवाले चोरून चेन बसवायचे. दिवसभरातला तो एक तास त्यांना बरं वाटे आणि बरं वाटतंय याचीच भीती वाटे.

वर्ष सरत आलं तेव्हा भाची नवी यादी घेऊन धावत आली. घोरणं खाली घसरलं होतं. स्वतःच्या नावांखालोखाल आता 'बॅग दुरुस्ती जवळपास' होतं. माणसं शोधत होती, काही सापडत नव्हतं, म्हणून शब्द बदलून पुन्हा शोधत होती : 'बॅग शिवणारे', 'चेन बसवून मिळेल', 'पूर्वी इथे एक बॅगवाले होते ते कुठे गेले'.

"मामा, प्रचंड मागणी आहे आणि शहरात एकही माणूस नाही," भाचीचे डोळे चमकत होते. "आत्ता कोणी बॅग दुरुस्त करणारा असता ना, तर त्याचं सोनं झालं असतं."

बायकोने फॉर्मचा गठ्ठा उचलून खाली ठेवला. "अगं, हे बसलेत की."

"मामांना अनुभव दाखवावा लागेल."

"एकतीस वर्षांचा आहे."

"वेबसाइटवर नाहीये ना तो. तिथे ते घोरण्यातले तज्ज्ञ आहेत. निदान वीस लोकांनी लिहायला हवं, की हे बॅगा दुरुस्त करतात आणि चांगल्या करतात."

एकतीस वर्षांत हजारो बॅगा हातांखालून गेल्या होत्या. वीस माणसं काय, चुटकीसरशी मिळतील, असं मानून बॅगवाले घराबाहेर पडले. आठवडाभरात ते चाळीस जणांना भेटले. सगळ्यांनी बसवलं, पाणी दिलं, बॅग आणून दाखवली. शिवण तशीच होती. लिहितो म्हणाले. कोणी लिहिलं नाही.

शेवटी ते वाचनालयात गेले. ग्रंथपाल बाई पुस्तकांवर शिक्के मारत होत्या. कातडी बॅग खुर्चीला टांगलेली होती.

"तुम्हीच तर म्हणालात लिहू नका."

"आता लिहा, बाई."

"पण लिहू काय? बॅग उत्तम चाललीये." त्यांनी जरा आठवून पाहिलं. "मी आजवर एकदाच लिहिलंय. आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती तेव्हा. चांगलं चाललेलं असतं त्याबद्दल कोण लिहितं? तुम्ही लिहिलंत का कधी कोणाबद्दल?"

त्यांनी सहज विचारलं होतं आणि पुढचा शिक्का मारलाही. बॅगवाले मात्र घरी येईपर्यंत तेच घोळवत राहिले. आपल्याला कोणाबद्दल लिहिता येईल, असा विचार करताना त्यांना मशीन मेकॅनिक आठवला. बावीस वर्षं तो माणूस पत्र्याचा डबा घेऊन येत असे, मशीनला कान लावून ऐकत असे आणि दोन स्क्रू फिरवून निघून जात असे. त्याच्यावाचून त्या सुईने कातड्यात एक टाका घातला नसता. हल्ली बऱ्याच महिन्यांत तो आला नव्हता. कामात असेल, असं त्यांनी धरून चाललं होतं.

काउंटरवर बसून त्यांनी मेकॅनिकच्या दुकानाचं नाव फोनमध्ये घातलं. दुकान निघालं. त्याच्याबद्दल जगात एकूण एक अभिप्राय होता.

'दोन दिवसांत देतो म्हणाले, तीन दिवस लावले. एक तारा.'

खाली लिहिणाऱ्याचं नाव होतं. ते बॅगवाल्यांचं स्वतःचं होतं. चार वर्षांपूर्वीचं. तेव्हा मशीन मोठ्या दुरुस्तीसाठी मेकॅनिककडे होतं, हात रिकामे होते, फोनने मत विचारलं होतं आणि त्यांनी दाबलं होतं. दहा मिनिटांत ते विसरूनही गेले होते. त्यानंतर तीन वर्षं मेकॅनिक येत राहिला होता आणि या विषयावर एक शब्द बोलला नव्हता.

अभिप्रायाखाली लिहिलं होतं, 'हे मत दोनशे चौदा लोकांना उपयुक्त वाटलं.' त्याच्याखाली, लाल अक्षरांत, 'कायमचं बंद.'

बॅगवाल्यांनी पाच तारे दाबले. मग बोटाने एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'यांच्यामुळे माझं दुकान बावीस वर्षं चाललं.' त्यांनी ते पाठवलं. फोनने क्षणभर विचार केला आणि अत्यंत नम्रपणे उत्तर दिलं :

'बंद झालेल्या व्यवसायाबद्दल नवं मत स्वीकारता येत नाही. आपलं आधीचं मत सुरक्षित आहे.'