टाके सुटले, चौकशी बसली

घरातलं शिवणयंत्र बिघडलं, तर आधी दोष कुणाचा ते ठरवावं आणि मगच यंत्राला हात लावावा, हे सुव्यवस्थित कुटुंबाचं पहिलं लक्षण आहे. ज्या घरात आधी यंत्र उघडतात, त्या घरात पुढे भांडणं होतात. आमच्या घरात भांडणं होत नाहीत. आमच्याकडे पद्धत आहे.

मी एका कार्यालयात तक्रार विभागात काम करतो, त्यामुळे पद्धत म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. (गेल्या वर्षी आमच्याकडे आलेल्या तक्रारींपैकी शंभर टक्के तक्रारी व्यवस्थित ऐकून घेतल्या गेल्या. निवारणाचं काम दुसऱ्या विभागाकडे आहे. तो विभाग अजून स्थापन व्हायचा आहे.) हीच शिस्त मी घरी आणली. घरच्यांनी तिचं स्वागत केलं, असं मी धरून चालतो.

आता प्रसंग सांगतो. आमची ठकी, म्हणजे माझी मुलगी, शाळेच्या नाटकात दर वर्षी असते. पहिल्या वर्षी ती झाड होती. दुसऱ्या वर्षी त्याच जंगलातलं पलीकडचं झाड होती. मग एकदा खडक झाली, आणि त्यानंतर बढती मिळून पुन्हा झाड. झाडाला बोलायचं नसतं, हलायचं नसतं, आणि समोरच्या हरणाच्या आईने फोटो काढला तर त्यात यायचंही नसतं. यंदा मात्र ठकीला वाऱ्याचं काम मिळालं. वाऱ्याला चार वाक्यं होती! पोरगी आठवडाभर ती चार वाक्यं दात घासतानासुद्धा म्हणत होती.

वाऱ्याला निळा पायघोळ झगा लागतो. तो घरी शिवून आणायचा होता. नाटक शनिवारी दुपारी, आणि बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं की झगा घालून वेळेवर आली नाही, तर वारा दुसऱ्या मुलीला देणार. त्या दुसरीचा झगा महिनाभरापूर्वीच तयार होता. आणि आमच्या कपाटात झाडाचा पोशाख होताच.

शनिवारी सकाळी आमच्या हिने कापड बेतून ठेवलं आणि ती स्वयंपाकाला लागली. जाता जाता म्हणाली की यंत्राची सुई बोथट झाली आहे, बदलायला हवी. घरकामात पुरुषांनी हातभार लावावा, या मताचा मी आहे. म्हणून मी कुणी न सांगता स्क्रू सैल केला, जुनी सुई काढली, नवी वर सारली आणि स्क्रू आवळला. हातभार लावून झाला की तो सगळ्यांना सांगावा, याही मताचा मी आहे. मी सगळ्यांना सांगितला. आईला सांगितला, वरच्या मजल्यावर जाऊन दादाला सांगितला, आणि आता तुम्हालाही सांगितला.

ही येऊन यंत्रावर बसली. डाव्या खांद्याची शिवण पहिली घेतली. वरून पाहता सगळं सुरळीत होतं, चाक फिरत होतं, कापड पुढे सरकत होतं. पण टाका एक पडायचा आणि पुढचे तीन गायब व्हायचे. हिने दोन्हीकडून कापड जरा ओढून पाहिलं, तर शिवणीतून पलीकडची खिडकी दिसली.

"अहो," ती म्हणाली, "टाके सुटतायत."

मी लगेच चौकशी बसवली. अध्यक्षस्थानी आई, कारण ती वयाने मोठी आणि तिच्याच खुर्चीला हात होते. तज्ज्ञ म्हणून दादा, माझा थोरला भाऊ. त्याने उभा जन्म पाण्याच्या पंपांच्या कारखान्यात काढला असून कुठल्याही यंत्राचा आजार तो नुसत्या कानाने ओळखतो. (यंत्र बंद असेल तरीही.) सचिव मी. आमच्या हिला माहिती देण्यापुरतं बोलावलं होतं. तिला मत नव्हतं. तिला यंत्र चालवता येत असल्यामुळे ती निःपक्षपाती राहिली नसती.

आमच्या घरात दोष देण्याचा एक क्रम ठरलेला आहे. पहिला मान दोऱ्याचा, मग कापड, मग कापड विकणारा, मग हवा, आणि या चौघांकडून समाधान झालं नाही तर यंत्रावर बसलेली व्यक्ती. यंत्र दुरुस्त करणाऱ्याचं नाव या क्रमात नाही, कारण क्रम त्यानेच लावलेला असतो. यंत्रासोबत एक माहितीपुस्तिकाही आली होती, पण ती यंत्राच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घडी करून ठेवली आहे. पुस्तिकेचा आमच्या यंत्राला फार मोठा आधार आहे.

"मी आधी जरा सुई बघते," ही म्हणाली.

"सुई नवी आहे," मी म्हणालो.

"नवीच आहे ती," आई म्हणाली. "सकाळीच बसवली ना त्याने! सांगत होता."

"नव्या सुईला काय धाड भरली आहे?" दादा म्हणाला.

अशा रीतीने सुईचा विषय एकमताने मिटला आणि आम्ही दोऱ्याकडे वळलो.

दोरा दोषी निघाला. तो तुटत नव्हता, म्हणजे वाजवीपेक्षा मजबूत होता, आणि एवढा मजबूत दोरा टाक्यात बसायला कुरकुर करणारच, असं दादाचं म्हणणं पडलं. दोरा बदलला. टाके सुटतच राहिले, पण आता जास्त गडद निळ्या रंगात सुटत होते, त्यामुळे पाहणी सोपी झाली. मग दादाने यंत्राला कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, "वरचा दोरा सैल सुटलाय." त्याने ताणाचा स्क्रू उजवीकडे फिरवला. झालं! कापड गोळा होऊन त्याच्या चुण्या पडल्या. आई म्हणाली, एवढं आवळू नये रे, माणूस काय नि दोरा काय. म्हणून मी तो डावीकडे फिरवला. त्यावर खालच्या बाजूला दोऱ्याचं असं भेंडोळं झालं की कात्रीशिवाय कापड यंत्रातून निघेना. मग दादाने पुन्हा उजवीकडे, मी पुन्हा डावीकडे. या स्क्रूबद्दल एक गोष्ट इथे नमूद करावीशी वाटते. तो फिरवण्याचा अधिकार घरातल्या प्रत्येकाला आहे, पण तो सुरुवातीला कुठे होता हे लक्षात ठेवण्याची जबाबदारी कुणावरच सोपवलेली नाही. बऱ्याच मोठमोठ्या संस्था याच तत्त्वावर चालतात आणि चांगल्या चालतात.

एका दोषाचे आता तीन झाले होते, म्हणजे कामाला वेग आला होता. दादाने तेल मागवलं. पंपाला पाजतात तेवढं तेल त्याने यंत्राला पाजलं. यंत्र अगदी गप्प झालं. झग्यावर मात्र दोन तेलाचे डाग उठले. (वाऱ्याबरोबर ढग असतातच, असं आई म्हणाली. ती स्वभावाने फार समाधानी आहे.) मग आम्ही सुईखालची पत्री काढून कापड सरकवणाऱ्या दातांमधली घाण साफ केली. चिमणीला घरटं बांधता येईल एवढा कापूस निघाला. पाहून सगळ्यांना फार समाधान वाटलं. पत्री परत बसवली, एक स्क्रू उरला. तो जादा असावा असं ठरलं.

टाके सुटतच होते.

ठकी हे सगळं दारात उभी राहून बघत होती. सुरुवातीला ती तिची वाक्यं मोठ्याने म्हणत होती. दोऱ्यानंतर तिचा आवाज खाली आला. तेलानंतर नुसते ओठ हलत राहिले. आणि एकदा मी वळून पाहिलं, तर तिने कपाटातून झाडाचा पोशाख काढला होता. त्याची बाही हाताला लावून, अजून पुरते का, ते ती बघत होती. मी तिच्याकडे जायला उठलो. पण चौकशी चालू असताना सचिवाने जागा सोडायची नसते, म्हणून मी पुढचा विषय घेतला.

पुढचा विषय यंत्रावर बसलेली व्यक्ती हा होता.

"तुझा पाय एका लयीत पडत नाही," दादा हिला म्हणाला. "ऊठ बघू. मी दाखवतो."

ही उठली. उठताना तिने स्टूल ज्या रीतीने मागे सारलं, ते वाक्यच होतं. दादा बसला. जन्मात पहिल्यांदा तो शिवणयंत्रावर बसला होता, तरी संकोच म्हणून नाही. पंपाच्या वेगाने त्याने यंत्र हाणलं, आणि कापड पुढे जाईना म्हणून मागून जोरात ओढलं. खट् झालं. सुई पत्रीवर आपटून तुटली.

"हल्ली मालच असला," दादा म्हणाला. तुटलेल्या सुईच्या दर्जाबद्दल तीव्र खेद व्यक्त करून आम्ही चहाला उठलो.

आम्ही स्वयंपाकघरात चहा घेत होतो, तेव्हा आतल्या खोलीत ही एकटीच होती. तिने तुटलेली सुई काढली, दुसरी बसवली, ताणाचा स्क्रू जागेवर आणला, वरचा दोरा पहिल्यापासून ओवला आणि यंत्र सुरू केलं. टकटकटकटक! एकही टाका सुटेना. आम्ही कप तसेच ठेवून कान दिला.

"बघ," दादा म्हणाला. "तेल आता मुरलं."

"मी सैल कर म्हटलं ना, तिथेच खरं काम झालं," आई म्हणाली.

मी दोघांच्याही म्हणण्याला मान डोलावली. श्रेय सर्वांचं असावं आणि ते सचिवाने वाटावं, असं माझं मत आहे.

आत ही न थांबता शिवत होती. उजवा खांदा झाला, कडा झाल्या, खालची दुमड झाली. ठकीने झाडाचा पोशाख परत कपाटात कोंबला आणि पुन्हा ओरडून वाक्यं म्हणायला लागली. शेवटी ही म्हणाली, "डाव्या खांद्याची शिवण सकाळची आहे. ती उसवून पुन्हा घालते. निदान हाताने चार टाके तरी टाकू दे." तिने हातसुईत दोरा ओवलाही होता. पण गाडी दारात येऊन उभी होती आणि गाडीवाला भोंगा वाजवत होता. मी झगा हातात घेऊन लांब धरून पाहिला.

"लांबून कुणाला दिसतंय?" मी म्हणालो. "चालेल." (माझ्या विभागात वर्षभरात जेवढे निर्णय होतात, त्यांतले बहुतेक याच शब्दाने होतात.)

नाटकाला सभागृह खच्चून भरलं होतं. झाडं उभी राहिली, हरणं येऊन गेली, आणि वारा आला. आमची ठकी! निळा झगा पसरून ती अशी गरकन आली की माझ्या शेजारचे आजोबा म्हणाले, "वा!" मी त्यांना सांगितलं, मुलगी माझी आहे. पहिलं वाक्य झालं. दुसरं झालं. तिसऱ्या वाक्याला तिने दोन्ही हात उंच फेकले आणि गरजली, "मला कुणी बांधून ठेवू शकत नाही!"

त्याच क्षणी डावा खांदा टर्रकन सुटला आणि झगा अर्धा जमिनीवर आला.

सभागृह हसलं. खांदा नेमका त्या वाक्यालाच सुटल्यामुळे असं हसलं की कुणाला आवरेना. शेजारचे आजोबा तर डोळे पुसत होते. ठकी तशीच उभी राहिली. आत घरातला फुलाफुलांचा फ्रॉक दिसत होता. तिचा खालचा ओठ एकदा थरथरला. मी मनात म्हणत होतो, पोरी, रडू नको गं, रडू नको. तिने खाली वाकून झगा उचलला, छातीशी धरला, आणि हसू थांबेपर्यंत थांबली. मग चौथं वाक्य म्हटलं, अगदी स्पष्ट, सरळ समोर बघून. "मी दिसत नाही, पण हलवतो सगळं मीच."

ती नेमकी माझ्याच दिशेला बघत होती. योगायोग असणार.

घरी आल्यावर तिने विचारलं, "बाबा, टाके कुणामुळे सुटले?"

मी समिती पुन्हा बोलवावी असं म्हणणार होतो, तेवढ्यात हिने तुटक्या सुईचा वरचा तुकडा माझ्यासमोर ठेवला. "याची एक बाजू सपाट असते," ती म्हणाली. "ती ठरलेल्या बाजूलाच यावी लागते. उलटी बसवली की खालचं शटल वरच्या दोऱ्याला पकडूच शकत नाही, टाके सुटतात. सकाळी उलटी होती."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आई म्हणाली, मुलगा हौसेने करायला गेला होता. दादा म्हणाला, तरी मला आवाजावरून वाटलंच होतं. मी म्हणालो, झालं गेलं उगाळण्यात अर्थ नाही.

"पण कुणामुळे?" ठकी हटेना.

मग मी तिला खरं काय ते सांगितलं. मी म्हणालो, बाळ, सुई मी बसवली हे काही लपवलेलं नव्हतं. ते आजीला माहीत होतं, काकाला माहीत होतं, आणि हा वृत्तान्त वाचणाऱ्या या मंडळींनाही मी यंत्र सुरू होण्याआधीच सांगितलं होतं. यांच्यातल्या काहींना संशय आलाही असेल. पण यांनी दोरा बदलू दिला, तेल ओतू दिलं, तुझ्या आईला स्टुलावरून उठवू दिलं, आणि काकाची गंमत बघत बसले. तू झाडाची बाही मापत होतीस तेव्हाही हे इथेच होते. आणि झगा सुटला, तेव्हा हसले कोण?

ठकीने वर पाहिलं. "हे?" तिने विचारलं.

मी मान हलवली. तेव्हापासून आमच्या दोषाच्या क्रमात दोऱ्याच्याही वर तुमचं नाव आहे.