एका दुर्मुखलेल्या बोकडाचं समाधान

माणूस इतर प्राण्यांहून श्रेष्ठ ठरतो तो एवढ्याच कारणाने, की ज्याला खायचं त्याची तो आधी विचारपूस करतो. वाघ हे करत नाही. (म्हणूनच वाघांची संख्या घटत चालली आहे.)

ही विचारपूस नीट, वेळेवर आणि तीन प्रतींत व्हावी म्हणून प्राणी समाधान मंडळ स्थापन झालं. त्याआधीचा काळ फार ओढाताणीचा होता. समाजात दोन तट पडले होते. एक तट म्हणे, मांस, अंडी, दूध, मध, काही म्हणजे काही खाऊ नका, प्राण्यांना मन असतं. दुसरा तट म्हणे, मन आम्हालाही आहे आणि ते मटणात आहे. दोघांचंही खरं होतं, म्हणून भांडण मिटेना. शेवटी मंडळाने मधला मार्ग काढला: प्राण्याला मारावं, पण त्याचं मन न मोडता. मंडळाच्या नियमावलीतलं तिसरं कलम आजही डोळ्यांत पाणी आणतं. "दुःखी प्राण्यास मारणे हे क्रौर्य होय. सुखी प्राण्यास मारणे ही त्याच्या सुखाची सांगता होय." हे कलम जाहीर वाचून दाखवलं तेव्हा सभागृहात हुंदके ऐकू आले आणि सभा संपल्यावर मांसाच्या दुकानापुढे रांग लागली. त्या वर्षी मांसाचा खप चाळीस टक्क्यांनी वाढला आणि अपराधीपणा तेवढ्याच टक्क्यांनी घटला. मंडळाच्या दारावर बोधवाक्य कोरलं गेलं: 'कसायाला गाय धार्जिणी'. तोवर लोक या म्हणीला तक्रार समजत होते.

या मंडळात आपला निरीक्षक हंगामी होता. हंगामी म्हणजे काम कायमचं आणि माणूस तात्पुरता. सकाळी गोठ्यात (मंडळाच्या भाषेत 'निवासकक्षात') जायचं, एकेका प्राण्यासमोर बसायचं, "काय, कसं काय? बरं चाललंय ना?" असं आपुलकीने विचारायचं आणि शंभरपैकी गुण द्यायचे. भूक, झोप, शेपटीची हालचाल, शेजाऱ्यांशी संबंध आणि भविष्याविषयीचा दृष्टिकोन, प्रत्येकी वीस. भविष्याविषयी झाडून सगळे प्राणी आशावादी असत, त्यामुळे ते वीस गुण हातचे. सत्तर गुण झाले की प्राणी सुखी. त्याच्या पुठ्ठ्यावर हिरवा शिक्का बसे आणि दुपारी तो खाटकाकडे वर्ग होई. सत्तरच्या खाली असेल त्याच्या केसालाही धक्का लावायला कायद्याने मनाई होती. (कोंबड्यांचा निकाल अठ्ठ्याण्णव टक्के लागे. उरलेल्या दोन टक्के तपासणीच्या वेळी झोपलेल्या असत.)

सुखाच्या सोयीत मंडळाने काही कमी ठेवलं नव्हतं. खिडक्या उन्हाच्या बाजूला, पाठ खाजवायला भिंतीत बसवलेले ब्रश, दिवसभर मंद बासरी आणि आठवड्याला डॉक्टर. निरीक्षक स्वतः सासऱ्यांच्या दोन खोल्यांत राहत होता. त्याची खाट न्हाणीघर आणि कपाट यांच्या मधल्या बोळात होती. तिथे खिडकीही होती, पण कपाटाच्या मागे. पाठ तो दाराच्या चौकटीला खाजवी.

त्याच्या घरातही दोन तट होते. बायको कडक वीगन. मधमाश्यांना सुट्टी मिळत नाही म्हणून तिने मध सोडला. चामड्याच्या चपला टाकून प्लास्टिकच्या घेतल्या. (टाचेची कातडी सोलून निघाली, पण ती तिची स्वतःची असल्यामुळे तत्त्वाला बाधा आली नाही.) तिच्या करुणेच्या यादीत गाय, म्हैस, कोळंबी आणि गांडूळ होतं. नवरा प्रतीक्षायादीत होता. सासऱ्यांना मात्र मटणाशिवाय घास उतरत नसे. पण तेही तत्त्वाचे पक्के. हिरव्या शिक्क्याशिवाय खात नसत.

"हे बघ पोरी," ते हाड चोखत म्हणत, "ह्याला सत्त्याऐंशी गुण होते. माझ्यापेक्षा सुखी होता तो."

"सुखी होता ना बाबा? मग जगू द्यायचं होतं की!"

"जगून काय मिळवलं असतं? माझ्यासारखे गुडघे दुखले असते. सत्त्याऐंशीचे साठ झाले असते. ते बघवलं असतं तुला?"

निरीक्षकाला दोघांचंही पटे, त्यामुळे तो बहुधा अर्धपोटी उठे. सासरे त्याला 'हंगामी जावई' म्हणत. "नोकरी कायम होऊ दे. त्या दिवशी जावईबापू म्हणेन, स्वतःच्या हाताने वाढेन." कायम होण्याची निरीक्षकाला जी ओढ होती, ती या एका 'बापू'साठी.

अशात तो बोकड आला.

एकाच गाडीतून अकरा बोकड आले होते. दहा जण उतरल्या उतरल्या खिडकीशी गेले, बासरीवर माना डोलावल्या, ब्रशाला पाठी घासल्या आणि आठवड्याच्या आत ऐंशीच्या वर गुण मिळवून गेले. समाधानी जिवांचं असंच असतं, फार दिवस लागत नाहीत. अकरावा भिंतीकडे तोंड करून बसला.

"आमच्या थोरल्या जावयासारखा बसलाय बघा," खाटीक म्हणाला. "गादी द्या, तक्क्या द्या, तोंड वाकडं ते वाकडंच."

तेव्हापासून त्याचं नाव जावई पडलं. पहिल्या तपासणीत जावयाला बारा गुण मिळाले. भविष्याविषयीच्या दृष्टिकोनात शून्य. मंडळाच्या इतिहासात इतका अचूक अंदाज कोणी वर्तवला नव्हता.

बारा गुणांवर त्याला मारता येईना. महिने गेले. गोठा भरे, रिकामा होई. जावई आपला भिंतीकडे तोंड करून जिवंत.

मंडळाचे संचालकसाहेब तिसऱ्या मजल्यावर बसून शेळ्या हाकत. (उंट मंडळाच्या अखत्यारीत येत नाही.) त्यांनी निरीक्षकाला वर बोलावलं.

"तो बोकड का दुःखी आहे?"

"सांगत नाही साहेब."

"लोक इथलं मटण मन हलकं करायला खातात. आपल्याकडे एक जण दुःखी आहे हे बाहेर कळलं तर घास उतरेल का कुणाच्या घशाखाली? या तिमाहीत त्याला सुखी करा. तो सुखी, तर तुम्ही कायम. नाहीतर दोघंही आहात तिथेच."

निरीक्षक कामाला लागला. चारा बदलला. बासरी बंद केली. (जावयाला तीन गुण वाढले. इतर प्राण्यांना चार-चार.) सोबतीला एक तरणी शेळी आणली, ती इतकी रमली की तिसऱ्या दिवशी तिलाच शिक्का मिळाला आणि जावई पाचावर आला. मग समुपदेशक बाई आल्या. त्यांनी जावयाला "आजच्या दिवसात जगायला शिका" असं सांगितलं. तो दुसरं काही करतच नव्हता. तासाभराने बाई डोळे पुसत बाहेर आल्या, "फार छान ऐकून घेतो हो," म्हणाल्या आणि पुढची वेळ स्वतःसाठी घेऊन गेल्या.

इथे निरीक्षकाच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण तो हंगामी होता. त्याने हात टेकले आणि डबा घेऊन जावयाशेजारी भिंतीकडे तोंड करून बसला. डब्यात बायकोने दिलेला सोयाचा चौकोनी तुकडा होता, ज्याच्यासाठी कोणी मेलं नव्हतं आणि ज्याच्यामुळे कोणी जगल्यासारखंही वाटत नव्हतं.

"तुझं बरं आहे बाबा," निरीक्षक म्हणाला. "तुझी विचारपूस करायला एक अख्खं मंडळ आहे. मला मेल्याला कोण विचारतंय?"

जावयाचा कान हलला.

निरीक्षकाने बोळातली खाट सांगितली. कपाटामागची खिडकी सांगितली. सासऱ्यांचं 'हंगामी' सांगितलं, प्रतीक्षायादी सांगितली, रात्री न्हाणीघराला जाणारे येणारे त्याच्या पायांवरून कसे जातात ते सांगितलं. जावयाने भिंतीकडची मान वळवली. दुसऱ्याचं रडगाणं ऐकून जिवाला जी टवटवी येते, ती कुठल्याच पेंडीत नाही. त्या दिवशी जावयाने कित्येक महिन्यांत पहिल्यांदा पोटभर खाल्लं.

मग रोजचाच परिपाठ झाला. निरीक्षक रडे, जावई फुले. पंचवीस, चाळीस, अठ्ठावन्न. निरीक्षक दिसला की तो दारापर्यंत धावत येई, खिशात तोंड खुपसून शेंगा काढी आणि दाढी हलवत ऐकायला बसे. आयुष्यात आपल्याला बघून कोणी उड्या मारल्याचं निरीक्षकाला आठवत नव्हतं. एकोणसत्तर झाले, तेव्हा कुठे आपण काय करतोय हे त्याच्या ध्यानात आलं.

त्यानंतर तो रोज एकोणसत्तरच देऊ लागला. सत्तरावा गुण आपल्याच खिशात ठेवू लागला. जावयाला पुन्हा दुःखी करायचेही प्रयत्न झाले. निरीक्षक दोन दिवस काहीच बोलला नाही. जावयाला शांतताही आवडली. मग तो जावयावर खेकसला. जावयाला ते घरच्यासारखं वाटलं. शेवटी "इथे दाराबाहेर काय होतं ठाऊक आहे का तुला?" असं त्याने सरळसरळ विचारलं. जावयाने त्याच्या मांडीवर हनुवटी ठेवली.

तिमाही संपली आणि साहेब खाटकाला घेऊन स्वतः खाली आले. निरीक्षक आत शिरताच जावयाने अशी काही उडी मारली की साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी स्वतः गुण दिले. चौऱ्याण्णव.

"भविष्याविषयी पैकीच्या पैकी!" साहेब म्हणाले. "तुमची काही हरकत?"

नियमानुसार निरीक्षकाला हरकत घेता येत होती. मग प्राणी राहिला असता आणि निरीक्षक हंगामी. त्याने तोंड उघडलं. त्याला बोळ दिसला, खाट दिसली, 'बापू' ऐकू आलं. त्याने तोंड मिटलं. (मौन ही संमती धरली जाते, कलम नऊ.)

"पण साहेब, हे नुसतं ह्यांच्यासमोर नाचतंय," खाटीक म्हणाला. "माझ्यासोबत आलं तर पुन्हा तोंड पाडेल."

अडचण खरी होती. अकराव्या कलमाप्रमाणे सुख शेवटपर्यंत टिकावं लागतं. तेव्हा निरीक्षकानेच सोबत जावं असं ठरलं. दोरी लागली नाही. जावई त्याच्या मागोमाग गेला. वाटेत त्याने सवयीने निरीक्षकाच्या खिशात तोंड घातलं. शेंगा नव्हत्या, रुमाल होता. तोही त्याला आवडला.

संध्याकाळी निरीक्षक कायमचा होऊन घरी आला. बायकोने त्याच्याकडे एकदा पाहिलं, नाकाला पदर लावला आणि त्याचं नाव प्रतीक्षायादीतूनही काढून टाकलं. सासऱ्यांनी मात्र दारापर्यंत येऊन हात धरला. बातमी कळताच ते दुकानातून हिरव्या शिक्क्याचं ताजं मटण घेऊन आले होते. स्वतः शिजवलं, स्वतः वाढलं.

"घ्या जावईबापू!" ते म्हणाले. "चौऱ्याण्णव गुणांचा होता म्हणे. असा सुखी जीव पुन्हा मिळायचा नाही." त्यांनी पहिला घास घेतला, बराच वेळ चावला. "जरासा वातड आहे, पण."

निरीक्षक ताटावरून उठला.

तेव्हापासून त्याला एक खोड लागली आहे. जिन्यात कोणी सहज "काय, कसं काय? बरं चाललंय ना?" असं विचारलं, की तो दचकून आधी विचारणाऱ्याच्या हाताकडे बघतो. मग घाईघाईने सांगतो की बरं नाही, झोप नाही, भूक नाही, शेजाऱ्यांशी पटत नाही आणि पुढचं काही खरं दिसत नाही. लोकांना हे फार विचित्र वाटतं. एवढी कायम नोकरी आणि ही रड! लोक स्वतः मात्र शहाणे आहेत. त्यांना तोच प्रश्न विचारा, ते हसून, मान डोलावून, एका सुरात "मजेत!" म्हणतात आणि पुढे चालू लागतात.

तुम्हालाही आज सकाळपासून कोणीतरी विचारलंच असेल. काय सांगितलंत?