कोंडिबा आणि न सापडणारा सर्व्हर

"मावशी, रविवारी मालक तुमच्या टीव्हीवर बोलताना दिसतील! वर माझा कॉम्प्युटर, खाली तुमचा टीव्ही, मध्ये एकसुद्धा वायर नाही!"

२०१० साली नेऱ्यात रंभाबाईंच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहत होतो. हिंजवडीतला इंजिनीअर, त्यामुळे तोरा होताच. त्यांच्या मालकांना, कोंडिबांना, जाऊन वर्ष होत आलं होतं. लेकीच्या, रेश्माच्या लग्नाची कॅसेट मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. चालते-बोलते कोंडिबा तेवढ्यातच उरले होते.

रविवारी सकाळी बघतो तर दारात चपलांचा ढीग! मी टीव्हीला वाय-फायची नवी डबी जोडली. वरचा सर्व्हर, म्हणजे माझा कॉम्प्युटर, ती आपोआप शोधणार होती. पडद्यावर चकती फिरतच राहिली.

"काय झालं?" रंभाबाईंनी विचारलं.

"सर्व्हर सापडत नाहीये."

"काल तर घरातच व्हता न्हवं?"

तेवढ्यात यादीत एक नाव उमटलं. "सापडला!" मी ओरडलो आणि बटण दाबलं.

पडद्यावर आला मनीष! माझ्याच ऑफिसातला, शेजारच्या घरातला भाडेकरू. आरशासमोर, लाल टाय. पुढच्या फोटोत निळा टाय. मग ठिपक्यांचा! डबीने माझं सोडून त्याचं बिनपासवर्डचं नेटवर्क पकडलं होतं. खुद्द मनीष पहिल्या रांगेत पोहे खात होता. त्याला असा ठसका लागला, की शेंगदाणा थेट टीव्हीवर!

"पोरगी बघतोय जणू," शेजारच्या सगुणाबाई म्हणाल्या. "माझी भाची हाय कासारसाईला."

मी डबी माझ्या नेटवर्कवर आणली. आता तर यादीच रिकामी. मनीष आणि मी तासभर झटलो. लोक पांगले. रंभाबाई मात्र इस्त्रीच्या लुगड्यात, हात मांडीवर ठेवून तशाच बसलेल्या. त्यांच्याकडे बघायचं मी टाळत होतो.

शेवटी त्याच म्हणाल्या, "त्यो कॉम्प्युटरच खाली आणला तर न्हाई चालायचं?"

दोघे इंजिनीअर जिना चढलो. कॉम्प्युटर खाली आणला आणि चक्क वायरने टीव्हीला जोडला.

मांडवात बुंदी वाढणारे कोंडिबा दिसले. कॅमेऱ्यावर खेकसले, "माझं काय काढतुया? पोरीचं काढ की!" आणि निघून गेले. जेमतेम चार सेकंद.

"परत लावा," रंभाबाई म्हणाल्या. पाचव्यांदा लावलं तेव्हा त्या पडद्याला म्हणाल्या, "जरा थांबा की वो!"

मी मशीन उचलायला गेलो, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या हितंच."

पुढचे तीन महिने माझी ईमेल मी त्यांच्या बाजेवर बसून वाचली. तीही नंबर लागला तर! आधी कोंडिबा.