बिनस्क्रूचं छत

रविवारी सकाळी जयसिंगराव जगदाळ्यांनी डोक्यावरचं प्लायवूड छताला टेकवण्यासाठी दोन्ही हात वर केले, आणि ते आता खाली घेता येणार नाहीत हे त्यांच्या जरा उशिरानं लक्षात आलं. हात सैल केला की प्लाय सुटत होतं. ते गोलाईत वाकलं होतं, पण मनापासून वाकलं नव्हतं.

"अहो, ऐकलं का?" त्यांनी तिथूनच हाक मारली.

आनंदीबाई पदराला हात पुसत अंगणात आल्या. "पाहुणे देवासहून निघाले असतील आणि तुम्ही अजून त्या डब्ब्यातच?"

"डब्बा म्हणू नका. फिरता बंगला आहे तो."

फिरता बंगला म्हणजे मोटारीमागे जोडायची, आत झोपण्याबसण्याची सोय असलेली दोन चाकांची विलायती गाडी. महूच्या छावणीतला कुणी इंग्रज मेजर देश सोडताना तीही सोडून गेला होता. त्यानंतर बरीच वर्षं तिच्यात कोंबड्या राहिल्या. जयसिंगरावांनी ती भंगारवाल्याकडून सोडवली, सांवेरच्या एका ओळखीच्या ट्रॅक्टरला बांधून जुन्या इंदुरातल्या आपल्या अंगणात आणली आणि लिंबाखाली उभी केली. तिला ओढायला लागणारी मोटार जगदाळ्यांकडे नव्हती, पण ही बाब त्यांच्या लेखी किरकोळ होती.

जयसिंगरावांचे वडील होळकरशाहीत मोटारखान्याचे दारोगा होते. कोणत्या मोटारीत कुणी कुठं बसायचं हे ते ठरवत. मोटार चालते कशी हे त्यांना मरेपर्यंत कळलं नाही, पण आपल्या रक्तातच यंत्रविद्या आहे अशी चिरंजीवांची खात्री झाली ती तेव्हापासून. संस्थान गेलं, मध्य भारत आला आणि गेला, मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. जयसिंगरावांच्या रक्तातली यंत्रविद्या मात्र कुठं गेली नाही. म्हणून त्यांनी सुतार लावला नव्हता. आणि म्हणूनच छताला आतून प्लाय बसवताना त्यांनी एकही स्क्रू मारायचा नाही असं ठरवलं होतं.

"सायबाच्या कामात स्क्रूचं डोकं कधी दिसत नाही," ते सांगत. "नुसता गरम सरस लावून चिकटवायचं आणि धरून ठेवायचं."

"किती वेळ?" मुलीनं, मंगलानं, विचारलं होतं.

"सरस धरेपर्यंत."

मंगला मुलींच्या शाळेत गणित शिकवत असे. तिनं पुढं काही विचारलं नाही, कारण उत्तरात आकडा नाही हे तिच्या लक्षात आलं होतं.

तिला माहीत होतं, की आज देवासचे नानासाहेब मुलगा उदयसिंह याला घेऊन तिला बघायला येणार आहेत. म्हणजे तसं म्हणायची पद्धत आहे. नानासाहेबांकडे एक मोटार होती आणि तिच्यामागे लावायला काही नव्हतं. एका लग्नात त्यांनी जगदाळ्यांच्या फिरत्या बंगल्याची कीर्ती ऐकली आणि त्याच पंगतीत मुलीची चौकशी केली. बंगला जावयाला द्यायचा हे जवळजवळ ठरलं होतं. मंगलाची शाळा सुटणार हेही जवळजवळ ठरलं होतं. तिला मात्र अजून कुणी विचारलं नव्हतं.

"मुलीच्या बापाला पगडी पायावर ठेवावी लागते म्हणतात," आनंदीबाई काल रात्री म्हणाल्या होत्या. "तुम्ही तर गाडीसकट ठेवायला निघालात."

तर आता जयसिंगराव हात वर करून उभे होते आणि प्लायचा दुसरा कोपरा सुटत होता. तेवढ्यात कुंपणापाशी शेजारचे दिवाकरराव दिसले. गिरणीत कारकून असलेले दिवाकरराव दर रविवारी जगदाळ्यांचं वर्तमानपत्र वाचायला नेत आणि परत द्यायच्या निमित्तानं चहा घेत.

"अहो भिया, जरा एक मिनिट हात लावा ना!"

"हां हां, लावतो की," म्हणत दिवाकरराव आत चढले आणि त्यांनी हात लावला. मिनिट झालं. आणखी बरीच मिनिटं झाली.

"जयसिंगरावजी, सोडू का आता?"

"बिलकुल नाही! सगळं वाया जाईल."

"मतलब, किती वेळ अजून?"

"तसं संध्याकाळपर्यंत धरेल."

दिवाकररावांचा चेहरा पडला, पण हात पडले नाहीत. भिडेखातर माणूस काय काय उचलून धरतो याला हिशेब नाही.

याच वेळी फाटकाशी मोटार थांबली. नानासाहेब उतरले. अंगात अचकन, डोक्यावर जरीची पगडी. मागून उदयसिंह उतरला. तो सुस्वभावी होता. दुसरं काही होण्याची त्याला कधी गरज पडली नव्हती. आनंदीबाई लगबगीनं पुढं झाल्या, "यावं, आत बसावं" म्हणाल्या. नानासाहेबांनी घराकडे पाहिलंसुद्धा नाही.

"गाडी कुठं आहे?" त्यांनी विचारलं आणि लिंबाखाली तिचं दर्शन होताच ते सरळ तिच्या दारातून आत चढले.

समोर मुलीचे वडील दोन्ही हात वर करून उभे. शेजारी एक लेंगा घातलेला गृहस्थ, तोही तसाच.

"हा काय प्रकार आहे, जगदाळे? मुजऱ्याची रीत विसरलात काय?"

घराण्याचं नाव निघाल्यावर जयसिंगरावांना विचार करायची सवय नव्हती. त्यांचा उजवा हात आपोआप खाली आला, मुजऱ्याला वाकला, आणि इकडे प्लायचा कोपरा सुटून खाली आला तो थेट नानासाहेबांच्या पगडीच्या घडीत घुसला. नानासाहेबांनी घाबरून तो दोन्ही हातांनी वर ढकलला. कोपरा जागेवर बसला. त्याच्याबरोबर पगडीचा एक पदरही वर गेला आणि प्लाय आणि छताची कमान यांच्यामध्ये गरम सरसात रुतला.

"माझी पगडी!"

"सोडू नका, नानासाहेब! ओढली तर फाटेल!"

नानासाहेबांना डोकं सहज काढून घेता आलं असतं. पगडी वर राहिली असती, ते खाली आले असते. पण मुलीच्या घरी, बायकांसमोर, उघड्या डोक्यानं? त्यांच्या सात पिढ्यांत हे कुणी केलं नव्हतं. ते ताठ उभे राहिले, कारण जरा वाकलं तरी टक्कल दिसणार होतं.

"उदयसिंह, बघत काय उभा राहिलास? तो कोपरा धर!"

उदयसिंहानं धरला. आता चारही कोपरे चार माणसांच्या हातात होते आणि आत सरसाचा असा वास कोंडला होता, की मेजरसाहेब का गेले ते कळावं.

मग मंगला पोह्यांच्या बश्या घेऊन आली. दारात थबकली. चौघांकडे पाहिलं. तिच्या ओठांना काहीतरी झालं, पण तिनं ते आवरलं.

नानासाहेब काही झालं तरी मुलाचे बाप होते. मान न हलवता त्यांनी विचारलं, "स्वयंपाक येतो काय?"

"येतो. भरवू का?"

दिवाकररावांनी नुसत्या कल्पनेनंच तोंड उघडलं. मागून आलेल्या आनंदीबाईंनी त्यांना चमच्यानं पोहे भरवले, वर शेवही घातली. नानासाहेबांनी मान फिरवली, म्हणजे फिरवायचा प्रयत्न केला.

मंगलानं बश्या खाली ठेवल्या आणि ती दारातल्या पायरीवर बसली. एरवी अशा वेळी मुलीनं खाली बघायचं असतं. इथं सगळे वर बघत होते, त्यामुळे सोय झाली.

"मीही विचारू का काही?" ती उदयसिंहाला म्हणाली. "लग्नानंतर मी शाळेत शिकवणार. चालेल तुम्हांला?"

उदयसिंहानं बापाकडे पाहिलं.

"आमच्या घराण्यातल्या बायका नोकरी करत नाहीत," बापानं सांगितलं.

"मी यांना विचारलं."

"मी... बाबासाहेब म्हणतील तसं," उदयसिंह म्हणाला.

"बरं. समजा ही गाडी मिळाली नाही. मग मुलगी चालेल?"

उदयसिंहानं पुन्हा बापाकडे पाहिलं. त्याच्या कपाळावरून घामाचा थेंब ओघळला. पुसायला हात नव्हता.

"आणि मुलगी नाही, नुसती गाडी मिळाली तर?"

उदयसिंह मुळात खोटं न बोलणारा मुलगा होता. त्याला ते शिकवायला घरी कुणाला वेळच झाला नव्हता. तो थोडा विचार करून म्हणाला, "गाडी चालेल."

"गधा कहीं का!" नानासाहेब ओरडले.

"तुम्हीच तर मोटारीत म्हणत होता, बाबासाहेब! मुलगी काय, कुठलीही—"

"चूप!"

 दिवाकररावांनी तोंडातला घास न चावता तसाच ठेवला.

जयसिंगराव मुलीकडे बघत होते. हिला लहानपणी खांद्यावर बसवून त्यांनी सगळा सराफा बाजार दाखवला होता. ती पहिल्या पगाराची साडी आईला घेऊन आली, तेव्हा ते रात्रभर शेजाऱ्यांना सांगत फिरले होते. आणि तिला आज आपण गाडीबरोबर फुकट द्यायला काढलं होतं, या विचारानं त्यांना सगळ्यांसमोर लाज वाटली. हातांना आधीच कळ लागली होती, आता आतही लागली.

"मंगल," ते म्हणाले, "स्क्रू आण."

"आबा, डोकी दिसतील."

"दिसू देत. सगळ्यांचीच दिसली आज. मार तू स्क्रू."

तिनं आणले. पेचकसही आणला. चारही कोपऱ्यांवर, मग मधे, मग कमानीच्या कडेकडेनं, ती सावकाश पिळत गेली. नानासाहेबांच्या कोपऱ्यात आली तेव्हा म्हणाली, "जरा मान स्थिर ठेवा."

"पण पगडी?"

"ती आत गेलीय. सोडवायची तर सगळं प्लाय उतरवायला लागेल. मग परत सगळ्यांनी हात वर करायचे, संध्याकाळपर्यंत."

"नको!" दिवाकरराव कळवळून म्हणाले. पूर्ण सकाळभरात हा एकच शब्द ते स्वतःच्या इच्छेनं बोलले होते.

शेवटचा स्क्रू बसला. चौघांनी हात खाली घेतले. तिघे मोकळे झाले. नानासाहेबांनी बराच वेळ विचार केला, डोळे मिटले आणि पगडीतून डोकं काढून घेतलं. मग ते जे निघाले ते थेट मोटारीत. जुन्या इंदुरातली मोटार जाईल एवढीच गल्ली आणि रविवारची सगळी आळी ओट्यावर बसलेली. उदयसिंहानं जाताना पोह्यांची एक बशी मात्र संपवली आणि आनंदीबाईंना छान झालेत म्हणून सांगितलं.

सोमवारी मंगला शाळेला निघत होती तेव्हा तो परत आला. फाटकाशीच उभा राहून म्हणाला, "बाबासाहेबांनी पगडी मागितलीय. स्क्रू काढून दिलेत तर..."

जयसिंगराव फिरत्या बंगल्याच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. वर छताला स्क्रूंची डोकी चमकत होती आणि एका कोपऱ्यात देवासची जरीची पगडी, तिरकी, लोंबकळत होती. सकाळपासून अर्धी आळी ती बघून गेली होती. लग्न ठरवताना मुलीच्या घरी पगडी ठेवून गेलेला मुलाचा बाप जुन्या इंदुरात याआधी कुणी पाहिला नव्हता.

"आत या, दर्शन घ्या, चहा घ्या," जयसिंगराव म्हणाले. "पण ते स्क्रू मागू नका. एकसुद्धा निघायचा नाही."