काशीच्या पायाखालची फरशी

गोपाळमास्तर कुणाचं ऐकत नाही, ही त्याच्या आईची, बाळाबाईंची, जुनीच तक्रार. पण या खेपेला त्याने कहर केला. पिरनवाडीच्या घरामागच्या गोठ्यात त्याने पांढरी, गुळगुळीत फरशी बसवली.

"शेण धुवाय बरं पडतंय, आई."

"म्हस काय तोंड बघणार हाय व्हय त्यात?" बाळाबाई म्हणाल्या. त्याने ऐकलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी काशी म्हैस घसरली. मागचे पाय दोन दिशांना फाकले आणि ती धप्पकन बसली, ती बसलीच. आठ दिवसांवर व्यायला आलेली. जनावरांचे डॉक्टर खानापूरकडे अडकले होते. फोनवर म्हणाले, "सांजच्या आत उभी करा. आपल्याच वजनाखाली पाय बधिर झालं, तर मग ती उठायची न्हाय."

गोपाळ टिळकवाडीत विज्ञान शिकवायचा. त्याने मोबाइल बघून निदान केलं, "स्नायू आखडलेत. मालिश पाहिजे." वाटीभर तेल काशीच्या मांड्यांना चोळलं. त्यातलं निम्मं फरशीवर आलं. काशीने जोर केला, तसे पाय आणखी फाकले. शेजारचे मारुतीराव मदतीला धावले आणि दारापासून म्हशीच्या पोटापर्यंत बसूनच पोचले.

"चार माणसं बोलवा," ते तिथूनच ओरडले. "वढून काढू!"

चार माणसं आली. दोघांनी कासरा धरून काशीचं तोंड वर ताणलं, दोघांनी शेपूट धरलं. काशीचे डोळे पांढरे झाले, पण बूड हललं नाही.

"हाड मोडलंय मास्तर," मारुतीराव हळूच म्हणाले. गोपाळचा चेहरा उतरला.

"तोंड सोडा तिचं!" बाळाबाई कडाडल्या.

"आई, तोंड वर घेतल्याबिगर उठंल कशी?"

"बस त्या खुर्चीवर. पाठ टेक." गोपाळ बसला. बाळाबाईंनी त्याच्या कपाळावर एक बोट टेकवलं. "आता ऊठ."

गोपाळने जोर केला. पुन्हा केला. कान लाल झाले, पण सत्तरीच्या म्हातारीच्या एका बोटाखाली हायस्कूलचा मास्तर जागचा उठेना. चार माणसं कासरा विसरून बघत राहिली.

"डोकं म्होरं गेल्याबिगर बूड उचलत न्हाय. म्हस तर आधी मागनंच उठती. आन तुमी तोंड धरून बसलाय! आता ती उठूस्तवर तू त्या खुर्चीवरनं हलायचं न्हाय, मास्तर."

मग त्या स्वतः फरशीवर बसल्या. काशीचा पाय खुब्यापासून खुरापर्यंत चाचपला, वाकवून बघितला.

"हाड शाबूत हाय. हाड म्हंजे नुसता वासा. वासा आपसूक उभा ऱ्हातोय व्हय? दोन्हीकडनं दाव्याचा ताण लागतो. हितं आतल्या अंगाचं मांस ताणून ढिलं पडलंय, भाईरचं वढतंय. मग पाय फाकंल न्हाय तर काय करंल?"

दोरीवरचं जुनं लुगडं मागवून त्यांनी मागचे दोन्ही पाय बांधले, मधे दोन विती अंतर ठेवून. माणसांनी तेलावर माती टाकली, वर पोती अंथरली. ऊन परड्यातून सरकत भिंतीवर चढलं होतं, सांज होत आली होती. बाळाबाई बसल्याबसल्याच बाजूला सरकल्या.

"हं, काशी. ऊठ बाय माजे."

काशीने मान पुढे फेकली. मागचं अंग थरथरत वर आलं. पाय फाकायला निघाले, लुगडं ताणलं, त्याचा काठ टर्रकन फाटला. पण गाठ टिकली. पुढचे गुडघे सरळ झाले, आणि काशी उभी राहिली. राहिली आणि तिने आधी त्या पांढऱ्या फरशीवर शेणाचा पो टाकला.

माणसं हसली. मग सगळ्यांच्या लक्षात आलं, बाळाबाई अजून खालीच आहेत. गुडघे धरलेले. मारुतीरावांनी दंड धरून त्यांना वर ओढायला हात पुढे केला.

"हात लावशील तर बघ!"

त्यांनी पोत्यावर पाय रोवले, मान पुढे टाकली, बूड उचललं आणि कण्हत, पण एकट्या, उभ्या राहिल्या. पदर झटकला. गोपाळ अजून खुर्चीवरच होता.

"म्हस उभी हाय, मी उभी हाय. तूबी ऊठ आता, आन फरशी उखडाय लाग."